तळ्यावरचा संशयित

नाव: यूनुस दाऊद काझी. वय: अदमासे बासष्ट. राहणार: भिवंडी शहर. धंदा: पूर्वी यंत्रमाग, हल्ली निरंक. बांधा मध्यम, वर्ण निमगोरा, दाढी आखूड व पांढरी, डोक्यास कानटोपी. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक नाही. सदर इसम दिवाळीनंतर थंडी पडल्यापासून आठवड्यातील बहुतेक दिवशी पहाटे स्कूटरवरून वडप्याच्या अलीकडील पाड्यालगतच्या सरकारी गुरचरणात येतो. सोबत एक लांब लवचिक काठी, एक दोरी व एक पत्र्याची डबी बाळगतो. दोरीवर ठरावीक अंतराने लाल खुणा आहेत. डबीत पिसे आहेत. हाक मारली असता ओ देत नाही. तळ्याकाठी उन्हे वर येईपर्यंत उभा राहतो व रिकाम्या हाताने परत जातो. हेतू: अस्पष्ट.

हे वर्णन कोणा एकाने केलेले नाही. पाड्यातल्या निरनिराळ्या ओट्यांवर ते तुकड्या-तुकड्यांनी जमा झाले आणि पुढे एका तक्रार अर्जात सलग लिहिले गेले. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे.

यातली सर्वांत गंभीर बाब म्हणजे रिकाम्या हाताने परत जाणे. या भागात तसे कोणी जात नाही. मुंबई-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिथे भात होता तिथे आता फ्रीज, चपला, शांपू आणि तान्ह्या मुलांचे डायपर गोदामांच्या छपराखाली सुखाने राहतात. शेतकऱ्याच्या मुलाला बियाण्याच्या जातींपेक्षा ट्रेलरच्या लांब्या जास्त पाठ आहेत. अशा मुलखात जमिनीकडे नुसते बघणारा माणूस नसतो. बघणारा एक तर घेणारा असतो, नाहीतर घेणाऱ्याचा माणूस असतो. आणि जो मी नुसता बघतोय असे म्हणतो, तो फार मोठा घेणारा असतो.

पाड्याचे तळे गुरचरणात आहे. गावच्या गुरांनी चरावे म्हणून सरकारने राखलेली ही जमीन. गुरे आता नावाला उरली आहेत, चरणारे मात्र वाढले आहेत. तळ्याचा मासेमारीचा ठेका कित्येक वर्षांत कोणी घेतलेला नाही, त्यामुळे पाणी सगळ्यांचे, म्हणजे कोणाचेच नाही. तळ्याच्या निमुळत्या टोकाला, पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती ओलसर पट्टी, तिथे पाड्यातली म्हातारी आक्का वाल पेरते. आक्काच्या आधी तिची सासू पेरायची. याला कागद नाही. कागद असता तर तो दाखवून घ्यायला कोणीतरी आधीच आले असते.

त्या टोकाच्या मागे दौलतची जमीन आहे. दौलत माजी उपसरपंच, पायात बारा महिने पांढरे बूट. जमीन ऐसपैस आहे, पण तिला रस्ता नाही. तिच्यात आणि डांबरी रस्त्यात तळ्याचे ते टोक आडवे येते. टोक बुजवले की दौलतच्या जागेपर्यंत ट्रेलर जाईल, आणि ट्रेलर गेला की गोदामवाला येईल. बुजवायचे तर मधे आक्काचा वाल आहे. गेल्या हिवाळ्यात उजाडायच्या आधी डंपर येऊ लागले. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा तळ्याच्या कडेला ओतून जायचे. ते कोणी बोलावले हे पाड्यात कोणालाही माहीत नव्हते. फक्त ड्रायव्हर परत जाताना दौलतच्या पडवीत चहा प्यायचे. वालाच्या दोन ओळी तेव्हा विटांखाली गेल्या. उरलेल्या या हिवाळ्यात जातील, असा सर्वांचा, आणि मुख्यतः आक्काचा, हिशेब होता.

अशा वेळी यूनुसभाई आले.

यूनुसभाईंचे आयुष्य आवाजात गेले. वडिलांचे लूम होते, पुढे त्यांचे झाले. शेडच्या भिंतीला लागूनच घर, त्यामुळे ड्युटी संपली तरी आवाज संपत नसे. त्या आवाजात माणसे ओठांवरून आणि हातांवरून बोलतात. बाहेर आल्यावरही त्यांचा आवाज मोठाच राहतो आणि ऐकणे कमी होत जाते. यूनुसभाईंचा डावा कान पन्नाशीच्या आत पूर्ण गेला. उजवा चालतो, पण त्याच्या मर्जीने. बोटाचे टोक एका मशीनने नेले, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. मुलगी जोहा पुण्यात फिजिओथेरपिस्ट झाली. लूम चालवायला मागे कोणी नाही असे पाहून त्यांनी ते विकले. लूम म्हणून घ्यायला कोणी आले नाही. भंगारात किलोवर गेले.

त्याच साली बहिणीकडे लग्नाला म्हणून ते केपटाऊनला जाऊन आले. मेहुणे जुबेर यांनी लग्नाच्या धामधुमीतून सुटका म्हणून त्यांना डोंगरातल्या एका नदीवर नेले आणि हातात काठी दिली. या प्रकारात गळाला आमिष लावत नाहीत. गळावर पीस आणि धागा गुंडाळून त्याचा किडा करतात. किडा इतका हलका की फेकला तर पायाशी पडेल. म्हणून दोरी जड असते, आणि ती हवेत मागे-पुढे झुलवून सोडायची. मासा फसतो की नाही हा पुढचा प्रश्न. दोरी हवेत सरळ जाणे हाच निम्मा उद्योग. यूनुसभाईंना त्या नदीत एकही मासा मिळाला नाही. पण संध्याकाळी जुबेरमियाँनी किडा बांधून दाखवला तेव्हा त्यांच्या लक्षात आले की तुटलेला धागा जोडायला आपण जी गाठ जन्मभर मारत आलो, तीच इथे लागते. जुबेरमियाँना जे करायला अर्धा तास लागला ते त्यांनी तुटक्या बोटाने करून खाली ठेवले आणि दुसरे मागितले. निघताना जुबेरमियाँनी काठी त्यांना देऊन टाकली.

भिवंडीत परतल्यावर ते आधी कामवारी नदीवर गेले. पाण्याला त्या दिवशी जो रंग होता त्या रंगाचा किडा त्यांच्याकडे नव्हता. मग कशेळीला खाडीवर गेले. तिथे पुलावरचे ट्रकवाले गाडी हळू करून सल्ला देत आणि मागचे हॉर्न वाजवत. हॉर्नचा त्यांना त्रास नव्हता, सल्ल्याचा होता. असे फिरत फिरत ते वडप्याच्या बाजूला आले आणि त्यांना हे तळे दिसले. काठाला बगळे, मधे थंडीची चार बदके, पलीकडे एक म्हातारी वालात वाकलेली. त्यांनी स्कूटर लावली.

पहिला संशय शिकारीचा होता.

"ओ भाय," आक्काने हाक मारली. लुगड्याचा काष्टा घट्ट, हातात कोयता. भाय वळले नाहीत. दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिने त्यांच्यासमोरच्या पाण्यात ढेकूळ टाकले, तेव्हा ते वळले.

"पाखरा मारतस?"

"काय?"

"पाखरा. बगलं. बदकां. थंडीची येतान ती."

"नाही आक्का. मासे."

"जाल कुठं हाय?"

"जाळं नाही. गळ."

"गांडूल?"

"गांडूळ नाही. पीस." त्यांनी डबी उघडून पुढे केली. डबीत लाल-तपकिरी, काळे, करडे असे किडे ओळीने बसले होते. काहींच्या पोटाला जरीची तार गुंडाळली होती. आक्काने एक उचलला, उन्हात धरला.

"ह्ये कोंबऱ्याच्या मानंचं हाय."

"बरोबर. पण बॉयलरचं आहे, रंगवलेलं. गावठी मिळत नाही आमच्याकडे."

आक्काने मागे पाहिले. तिचा तांबडा कोंबडा वालाच्या कडेला उकिरडा उकरत होता. तिने पुन्हा डबीकडे पाहिले आणि संशय थोडा बाजूला ठेवला, पण हाताशी.

"पिसानी मासा येतो?"

"कधी कधी."

"नि आला तं?"

"सोडतो."

आक्काने जमीन सोडलेली माणसे पाहिली होती. बायको सोडलेली पाहिली होती. एक-दोन दारू सोडलेलीही पाहिली होती. मासा सोडणारा तिच्या पाहण्यात आला नव्हता.

"का?"

"घरी गोड्या पाण्यातला मासा चालत नाही. चिखलाचा वास येतो म्हणते."

"कोन?"

"मंडळी."

"मंग धरतस कशाला?"

यूनुसभाईंनी तिच्या हातातला किडा घेऊन डबीत बसवला. "आला तर कळतं," ते म्हणाले, "की गाठ बरोबर होती."

आक्काने हे जसेच्या तसे पाड्यात सांगितले. तेव्हाच सगळ्यांची खात्री पटली की माणूस काहीतरी लपवतो आहे.

पुढे यूनुसभाई आक्काच्या खुराड्यातली गळालेली पिसे नेऊ लागले आणि बदल्यात भिवंडीच्या बेकरीतली नानखटाई आणू लागले. पिसाला किंमत देणारा माणूस म्हणून आक्काला ते थोडे खुळे वाटत, पण खुळा माणूस गोदाम बांधत नाही, असे तिचे मत होते. पाड्याचे मत वेगळे होते. पाडा म्हणत होता, म्हातारीला आधी नानखटाई देतो, मग कागदावर अंगठा घेईल.

दुसरा संशय मोजणीचा. त्याला कारण थंडी.

त्या जड दोरीचा दोष असा की फिरकीवर गुंडाळून ठेवली आणि गारठा पडला की तिला वेटोळी पडतात. ती काढल्याशिवाय दोरी हवेत सरळ जात नाही. म्हणून यूनुसभाई आल्या आल्या दोरीचे एक टोक काठच्या जांभळाला बांधत आणि दोरी सोडत सोडत गुरचरणाच्या हद्दीच्या दगडी खांबापर्यंत चालत जात. तिथे उभे राहून ताण देत. मग थोडे थांबत. मग पुन्हा ताण देत. शिवाय दोरी किती गेली हे कळावे म्हणून दर दोन वावांवर त्यांनी लाल धागा बांधला होता. ही जुनी सवय. कापडाच्या थानाला लांबी कळण्यासाठी काठाशी रंगीत धागा टाकतात, तसा.

आता, झाडापासून हद्दीच्या खांबापर्यंत, खुणा केलेली दोरी ताणून, पहाटे, एकटा, बूट घातलेला माणूस उभा आहे, हे पाहून वडप्याच्या परिसरात कोणाला मासे आठवणार? इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की सरकारी मोजणी दुपारी येते, आधी नोटीस येते, आणि आली तरी मशीन घेऊन येते. पहाटेची, दोरीची मोजणी म्हणजे खासगी. खासगी मोजणी म्हणजे पार्टी. आणि ज्या पार्टीचा माणूस स्कूटरवरून येतो, ती पार्टी फारच मोठी.

दौलतने त्यांना स्कूटरपाशी गाठले.

"शेठ, या ना. चाय घ्या."

यूनुसभाई चहा प्याले. दौलत त्यांच्या उजव्या बाजूला बसला होता, त्यामुळे संभाषण झाले.

"पार्टी कुठली?"

"पार्टी नाही. मी एकटाच."

"एकटाच." दौलत हसला. "म्हनजे मोठं काम हाय."

"काम कसलं? वेळ जातो."

"येल तं जातोच जागेच्या कामात."

"जागा नको हो मला. पाणी आहे तेवढं पुरे."

दौलतने कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी त्याच्या पडवीत बऱ्याच उशिरापर्यंत चर्चा झाली. जागा नको, पाणी पुरे. म्हणजे पाण्याची कंपनी. बाटल्या भरणार. नाहीतर रिसॉर्ट, हल्ली लोकांना खोलीतून पाणी दिसावे लागते. कसेही असो, पार्टीला तळे भरलेले हवे आहे, बुजलेले नको. आपण ते बुजवले आणि उद्या पार्टी मंत्रालयात गेली तर? आणि समजा नाही गेली, तरी जे तळे तिला हवे आहे त्यात आपण विटा ओतणे म्हणजे आपल्याच शेजारच्या जमिनीचा भाव ओतणे. दौलतने फोन केला. या हिवाळ्यात पुन्हा सुरू झालेले डंपर यायचे थांबले.

ही गोष्ट पाड्यात सर्वांत आधी आक्काच्या लक्षात आली, कारण दररोज उठून डंपरच्या चाकोऱ्या बघणारी तीच. आधी चाकोऱ्यांतला चिखल वाळला. मग त्यात गवत आले. वाल कमरेपर्यंत चढला, पांढरी फुले आली, आणि एका सकाळी फुले न्याहाळताना तिची नजर खांबापाशी दोरी ताणून उभ्या असलेल्या यूनुसभाईंवर गेली. मग दौलतच्या घराकडे गेली. मग परत यूनुसभाईंकडे आली. आक्का शाळेत गेली नव्हती, पण दोन आणि दोन तिला करता येत होते. त्या दिवसापासून कोणी विचारले की तो भाय काय करतो गं, तर ती मासे असे म्हणेनाशी झाली. "मना काय म्हाईत," ती म्हणायची. "मोठी मानसं." खोटे ती बोलत नव्हती. यूनुसभाई बऱ्यापैकी उंच होते.

तिसरा संशय घरचा होता, आणि तो यूनुसभाईंना सर्वांत शेवटी कळला.

"तुझे अब्बा अंधारात मासे धरायला जातात," हबीबाबींनी पुण्याला फोन करून जोहाला सांगितले, "आणि घरात मासा येत नाही. इतकी वर्षं कापडवाल्याची बायको आहे मी. माल दिसत नाही आणि दुकान रोज उघडतं, तेव्हा काय समजायचं?"

"अम्मी, ते सोडून देतात."

"तेच सांगतात मला. बाजारात नवी नानखटाई आली की आधी डब्यात भरून घेऊन जातात. ती पण सोडून देतात का?"

एका सकाळी हबीबाबी रिक्षा करून तळ्यावर आल्या. बुरखा सावरत उतरल्या आणि बघत राहिल्या. नवरा एका झाडाला बांधलेली दोरी ओढत होता. वालात एक म्हातारी होती. तिच्या पायाशी नानखटाईचा डबा होता आणि डब्यात एक कोंबडा चोच घालत होता.

"हे इथे काय करतात?" त्यांनी आक्काला विचारले.

आक्काने बाईला वरपासून खालपर्यंत पाहिले. बायकोला खरे सांगायला हरकत नव्हती. "मासं धरतो नि सोरतो."

"रोज?"

"येतो तवा."

"मला पण हेच सांगतात."

"मना पन."

दोघी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. हबीबाबींच्या चेहऱ्यावर सुटका होती, पण थोडी निराशाही. इतके रिक्षाभाडे देऊन निघावे एवढे काही निघाले नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, म्हणून आल्यासरशी त्यांनी तळ्याला एक फेरी मारली. दुपारपर्यंत पाड्यात पसरले की मालकीणबाई स्वतः येऊन जागा फिरून बघून गेल्या.

यानंतर काही शहाण्या माणसांनी यूनुसभाईंना आडबाजूला गाठून आपापल्या जमिनीविषयी सहज म्हणून बोलून ठेवले. बोलले ते डाव्या बाजूने की उजव्या, यावर त्यांना काय उत्तर मिळाले हे अवलंबून होते. ज्यांना उत्तर मिळाले नाही त्यांना आशा जास्त वाटली.

दौलतचा धीर सुटला तो मरळीमुळे. जानेवारीतली धुक्याची सकाळ. दोरी एकदम ताठ झाली, काठी वाकली, पाण्यात खळबळ उडाली. रस्त्यावरची माणसे थांबली, दौलतही बुटांना चिखल लागणार नाही अशा बेताने आला. यूनुसभाईंनी घाई केली नाही. बराच वेळ घेऊन त्यांनी ती काठाशी आणली. हातभर लांब मरळ, पाठीवर काळपट पट्टे. लोक वाटे मनातल्या मनात करूही लागले. यूनुसभाईंनी हात पाण्यात भिजवला, तिच्या जबड्यातला तांबडा किडा अलगद काढला, तिला दोन्ही हातांत पाण्याखाली धरले, आणि तिने शेपटी हलवल्यावर बोटे उघडली.

मागून एक बाई म्हणाली, "मरल सोरली गं."

जो माणूस बाजारात पापलेटाच्या रांगेत बसणारी मरळ पाण्यात सोडतो, त्याच्याविषयी आता दोनच शक्यता उरल्या होत्या, आणि वेडा माणूस इतक्या बारीक गाठी मारत नाही. दौलतने त्याच आठवड्यात अर्ज दिला. विषय: सरकारी गुरचरणात अनधिकृत मोजणी व थंडीच्या पाहुण्या पक्ष्यांची शिकार केल्याचा संशय. शिकारीचा भाग त्याला स्वतःलाही फारसा पटला नव्हता. पण नुसत्या मोजणीसाठी पोलीस येत नाहीत, पक्ष्यांसाठी येतात. त्याला एवढेच हवे होते की साहेबांनी विचारावे आणि पार्टीचे नाव बाहेर पडावे.

तलाठी मेघाली मॅडम आणि एक हवालदार आले. अर्धा पाडा जमला. हवालदाराने डबी उघडायला लावली.

"पिसं कुठली?"

"कोंबड्याची."

"कुठल्या कोंबड्याची?"

यूनुसभाईंनी बोट दाखवले. तांबडा कोंबडा जांभळाखाली उभा होता, मान एका बाजूने जराशी उघडी. मुद्देमालाचा मूळ मालक पंचनाम्याच्या जागी स्वतः हजर असण्याची हवालदाराच्या नोकरीतली ही पहिली वेळ असावी. त्याने एक पीस कोंबड्याजवळ धरून पाहिले आणि डबी मिटली. शिकारीचा प्रश्न तिथे संपला.

"दोरी कशाला?" मॅडमनी विचारले.

यूनुसभाईंनी सगळे सांगितले. वेटोळी, गारठा, लाल धागे, थान, केपटाऊन, जुबेरमियाँ. त्यांचा आवाज नेहमीप्रमाणे मोठा होता, त्यामुळे प्रत्येकाला नीट ऐकू गेले.

"म्हणजे मासे पकडता."

"हो."

"आणि सोडता."

"हो."

"मग मुद्दा काय?"

यूनुसभाई दोरीवरचा एक लाल धागा सारखा करू लागले. लोक एकमेकांकडे बघू लागले. मॅडम नोकरीत नव्या होत्या, पण वडप्यात नव्या राहण्याइतका वेळ कोणाला मिळत नाही. त्यांनी आक्काकडे मोर्चा वळवला.

"आजी, तुम्ही रोज इथे असता. तुम्ही काय पाहिलंत?"

आक्का वालातून बाहेर आली. ओच्यातल्या शेंगा तिने आधी टोपलीत ओतल्या. "झारापासून खांबापर्यंत दोरी ताणतो," ती म्हणाली. "रोज. मी माज्या डोल्यांनी बघलंय."

"आक्का," यूनुसभाई म्हणाले. ते दुखावले होते.

"ताणतस का न्हाय?"

"ताणतो, पण..."

"खुना हान का न्हाय?"

"आहेत."

"मी खोटं बोललू का?"

"कोणासाठी मोजतात?" मॅडमनी विचारले.

"ती मोठी मानसं मना सांगतान का, बाय?"

मॅडमनी निमुळत्या टोकाकडे पाहिले. तिथे गेल्या वर्षीच्या विटा गवतातून डोकावत होत्या. "हा भराव कोणी टाकला?" त्यांनी विचारले. हे अर्जात नव्हते. दौलत बुटांकडे बघू लागला. कोणालाच माहीत नव्हते.

आदेश निघाला तो एवढाच. सदर इसमाचा हेतू स्पष्ट होऊन चौकशी पूर्ण होईपर्यंत तळे व लगतची गुरचरण जमीन जैसे थे ठेवावी. भराव, खोदाई, बांधकाम करू नये. चालू पीक तसेच राहू द्यावे.

दौलतला हे समजायला एक दिवस लागला. तो भिवंडीत गेला, यूनुसभाईंच्या गल्लीत चौकशी केली, दोन मोमीन विणकर आणि एक भंगारवाला यांच्याशी बोलला. संध्याकाळी परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. पार्टी नव्हती. कधीच नव्हती. म्हातारा खरोखर मासे धरून सोडत होता. आता चौकशी लवकर संपली तरच डंपर येऊ शकत होते, आणि चौकशी संपायची तर म्हातारा निर्दोष ठरला पाहिजे होता. अशा रीतीने अर्जदार संशयिताचा वकील झाला.

तो तळ्यावर आला. "यूनुसभाय," तो गोड आवाजात म्हणाला, "मी बोललू मॅडमशी. मानूस साधा हाय, आमचीच चूक जाली. तुमी फकस्त एकदा ऑफिसात या आनि लिवून द्या, पार्टी न्हाय, मोजनी न्हाय, मी नुसता येल घालवायला येतो. मी सही करतो सोबत. नाव साफ होऊन जाईल."

यूनुसभाईंच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. चौकशी आल्यापासून त्यांना झोप नव्हती. मशिदीतून परतताना दोघांनी विचारले होते, तळ्याचं काय प्रकरण आहे? लूमच्या धंद्यात चाळीस वर्षे काढून ज्याचे नाव पोलिसात गेले नाही, त्याचे नाव मासे न नेल्याबद्दल जावे हे त्यांना लागले होते.

"आजच येतो," ते म्हणाले.

"आजच चला."

आक्का टोपली घेऊन काठाने आली आणि त्यांच्या उजव्या अंगाला उभी राहिली. ही बाजू तिने कधीच हेरून ठेवली होती.

"भाय," ती हळूच म्हणाली, "तुजा संशय फिटला की माजा वाल गेला."

"कसा?"

आक्काने टोकाकडे, विटांकडे, आणि मग दौलतच्या बुटांकडे बोट दाखवले. आणखी काही सांगावे लागले नाही. धागा कुठे तुटला हे शोधणे हा यूनुसभाईंचा जन्माचा धंदा होता.

"आक्का, त्या दिवशी तू मुद्दाम बोललीस."

"तू संशयित हाईस म्हनून ते डंपर येतान न्हाय. मी काय करू?"

यूनुसभाई पाण्याकडे बघत राहिले. पलीकडच्या काठाशी एक चिलापी मासळी वर येऊन गेली, वर्तुळे उमटली. वालाला आता भरून शेंगा होत्या. हबीबाबी काय म्हणतील, मशिदीतले दोघे काय म्हणतील, याचाही विचार त्यांनी केला असावा, कारण त्यांनी कानटोपी दोनदा काढून पुन्हा घातली. मग त्यांनी दोरी जांभळाला बांधली.

"चलताय ना यूनुसभाय?" दौलतने विचारले. "मॅडम दुपारपर्यंतच हान."

यूनुसभाई वळले आणि त्यांनी डावा कान पुढे केला.

"मी बोलतोय, मॅडम दुपारपर्यंतच हान!"

"काय?"

"ऑफिसात! लिवून द्यायला!"

यूनुसभाईंनी नम्रपणे मान हलवली, हसले, आणि दोरी सोडत सोडत खांबाच्या दिशेने चालू लागले.

त्यानंतर दौलत भेटेल त्याला सांगत सुटला की तो भाय निव्वळ मासेवाला आहे, त्याच्यामागे कोणी नाही, शंभर टक्के साधा माणूस. दौलत स्वतःहून एखाद्याची एवढी बाजू घेतो म्हटल्यावर पाड्याला समजले की पार्टीशी त्याचे आतून जमले आहे. चौकशी मार्च अखेरीपर्यंत चालू होती आणि अजूनही चालू आहे. ताज्या नोंदीप्रमाणे सदर इसम यूनुस दाऊद काझी यास समक्ष विचारणा केली असता त्याने समाधानकारक खुलासा केला नाही. त्याचा हेतू अद्याप अस्पष्ट असून त्याच्या पाठीशी मोठी पार्टी असल्याचा दाट संशय आहे. सबब पुढील आदेशापर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवण्यात येत आहे.

यंदा आक्काचा वाल चांगला आला.